22 अंशांचा इतिहास

सांगली जिल्ह्यातल्या कवठे महांकाळला कुणाच्या पेशी घसरल्या आणि डॉक्टरांनी प्लेटलेट आणायला सांगितल्या की घरच्यांची गाडी निघते ती मिरजेच्या नाहीतर सांगलीच्या रस्त्याला. मिरज इथून 35-40 किलोमीटर. रक्तपेढीच्या खिडकीत डॉक्टरांची चिठ्ठी आणि रुग्णाच्या रक्ताचा नमुना द्यायचा, थोडे थांबायचे, आणि फिकट पिवळ्या द्रवाच्या तीन-चार लहान पिशव्या घेऊन परत फिरायचे. हुशारीने कुणी बर्फाचा डबा सोबत आणलेला असतो. खिडकीतला माणूस तो बाजूला ठेवायला सांगतो आणि बजावतो: बर्फ घालू नका, फ्रिजमध्ये ठेवू नका, नेल्या नेल्या लावायला सांगा.

ऐकणाऱ्याला हे उलटेच वाटते. हा द्राक्ष-बेदाण्याचा मुलूख. बेदाणा शीतगृहात गेला तर रंग धरून राहतो, बाहेर राहिला तर काळवंडतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. दूध, लस, इन्सुलिन, रक्ताची पिशवी, जे जे नाशवंत ते ते गारव्यात ठेवायचे, हा अनुभव पिढ्यांचा आहे आणि तो खराही आहे. प्लेटलेट मात्र त्याला अपवाद ठरल्या. हा अपवाद जगाच्या लक्षात यायला जवळजवळ नव्वद वर्षे लागली आणि त्या नव्वद वर्षांत रक्तस्रावाने गेलेल्या मुलांची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

ही गोष्ट सुरू होते इटलीतल्या तुरीन शहरात. तिथल्या विद्यापीठातले जुलिओ बिझोझेरो सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत प्राण्यांच्या बारीक रक्तवाहिन्या पाहत होते. तांबड्या पेशी माहीत होत्या, पांढऱ्या माहीत होत्या. त्यांच्यामधून वाहणारे, त्यांच्याहून पुष्कळ लहान, रंगहीन, चकतीसारखे कण याआधीही काहींच्या नजरेस पडले होते. पण तो पेशींचा मोडका-तोडका चुरा असावा, असे म्हणून बहुतेकांनी ते सोडून दिले होते. बिझोझेरो यांनी रक्तवाहिनीला मुद्दाम इजा केली आणि पाहत बसले. जखमेच्या जागी सगळ्यांत आधी धावले ते हेच कण. ते भिंतीला चिकटले, एकमेकांना चिकटले आणि भोक बुजवू लागले. 1882 साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्याच या प्लेटलेट. आज आपल्याला माहीत आहे की निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका सूक्ष्म थेंबात, म्हणजे एका मायक्रोलिटरमध्ये, असे दीड ते साडेचार लाख कण असतात, एकेकाचा व्यास दोन-तीन मायक्रॉन, आणि आयुष्य आठ ते दहा दिवसांचे. हाडांतला मगज रोज नवे बनवतो, प्लीहा आणि यकृत जुने काढून टाकतात.

1910 मध्ये बोस्टनमध्ये विल्यम ड्यूक या तरुण डॉक्टरने पुढचे पाऊल टाकले. त्याच्या एका रुग्णाचे नाकातून येणारे रक्त काही केल्या थांबत नव्हते आणि प्लेटलेट जवळजवळ संपल्या होत्या. ड्यूकने दुसऱ्या माणसाचे ताजे रक्त थेट त्याच्या शिरेत सोडले. रक्तस्राव थांबला. काही दिवसांनी दिलेल्या प्लेटलेट संपल्या, तसा परिणामही ओसरला. प्लेटलेट बाहेरून देता येतात आणि त्या काम करतात, हे त्या दिवशी सिद्ध झाले. पण त्यात एक अट दडलेली होती आणि तिच्याकडे तेव्हा कुणाचे लक्ष जायचे कारण नव्हते: ते रक्त ताजे होते, शरीराइतके उबदार होते, मधे कुठे साठवलेले नव्हते.

साठवण आली ती पहिल्या महायुद्धात. सायट्रेट घातले की रक्त गोठत नाही, ग्लुकोज घातले की तांबड्या पेशी अधिक दिवस तग धरतात आणि थंड ठेवले की आणखी टिकतात, हे कळल्यावर रक्तदाता आणि रुग्ण यांना एकाच वेळी एकमेकांशेजारी झोपवण्याची गरज उरली नाही. 1937 मध्ये शिकागोच्या कुक कौंटी रुग्णालयात बर्नार्ड फँटस यांनी रक्त जमा करून ठेवायची सोय केली आणि तिला रक्तपेढी म्हटले. भारतातली पहिली रक्तपेढीही त्यानंतर काही वर्षांतच कोलकात्यात सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धाने ही व्यवस्था जगभर पक्की केली: काचेची बाटली, सायट्रेट, ग्लुकोज आणि 4 अंशांचे शीतकपाट. या चौकटीने लाखो जीव वाचवले, यात शंका नाही. पण सगळी चौकट तांबड्या पेशींच्या मापाने बेतलेली होती. बाटलीत तांबड्या पेशी तीन आठवडे जगतात ना, एवढेच पाहिले जाई. त्याच बाटलीतल्या प्लेटलेटचे काय होते, हे विचारायची वेळ आली ती लहान मुलांच्या एका वॉर्डात.

अमेरिकेतल्या बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत 1955 च्या सुमारास एमिल फ्रायराइक नावाचे डॉक्टर रुजू झाले. त्यांच्याकडे रक्ताच्या कर्करोगाची मुले होती. या आजारात मगज निकामी होतो, प्लेटलेट बनत नाहीत आणि मूल रक्तस्रावाने जाते. त्या वॉर्डातल्या उशा, चादरी, परिचारिकांचे कपडे रक्ताने माखलेले असत. मुलांना रक्त दिले जातच होते, रक्तपेढीतून आलेले, नियमाप्रमाणे थंड ठेवलेले. तरीही रक्त वाहणे थांबत नसे. त्यामुळे अनेक नामवंतांचे मत असे झाले होते की या रक्तस्रावाचे कारण प्लेटलेटची कमतरता नसून रक्तातला दुसराच काही दोष असावा.

फ्रायराइक यांना हे पटेना. त्यांनी ताजे रक्त आणि साठवलेले रक्त यांची रीतसर तुलना केली आणि 1959 मध्ये ती प्रसिद्ध झाली. ताज्या रक्ताने रक्तस्राव आटोक्यात येत होता, साठवलेल्याने येत नव्हता. 1962 मध्ये त्यांच्याच गटाने प्लेटलेटची संख्या आणि रक्तस्राव यांचे नाते आकड्यांत मांडले. संख्या जितकी खाली, तितके रक्तस्रावाचे दिवस जास्त. मला या सगळ्या इतिहासात हा टप्पा सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. औषध हाताशी होते, रोज दिले जात होते आणि ठेवण्याच्या पद्धतीपायी ते निकामी होत होते. दोष औषधाच्या कपाळी मारला गेला. तो कपाटाचा होता.

मग ताजे रक्त रोज आणायचे कुठून? एका मुलासाठी रोज पाच-सहा दाते कुणाकडे असतात? त्याच वॉर्डात जॉर्ज जडसन नावाचे एक गृहस्थ आले. ते आयबीएम कंपनीत अभियंता होते आणि त्यांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला होता. एकाच दात्याच्या रक्तातून हव्या त्या पेशी काढून घ्यायच्या आणि उरलेले रक्त त्याच्याच अंगात परत सोडायचे, असे यंत्र बनवायला त्यांनी फ्रायराइक यांच्यासोबत हात घातला. 1965 च्या सुमारास ते यंत्र उभे राहिले. आज मिरज-सांगलीत, पुण्यात, मुंबईत ज्याला एसडीपी म्हणतात, म्हणजे एकाच दात्याकडून यंत्रावर घेतलेल्या प्लेटलेट, त्याचे मूळ इथे आहे.

दुसरी अडचण काचेची होती. प्लेटलेटचा धर्मच परक्या पृष्ठभागाला चिकटण्याचा. त्या काचेला चिकटत आणि वाया जात. बोस्टनचे शल्यविशारद कार्ल वॉल्टर यांनी 1950 च्या आसपास प्लास्टिकची रक्तपिशवी आणली आणि ही अडचण बरीच दूर झाली. प्लास्टिकची पिशवी फुटत नाही, तीन-चार पिशव्या नळ्यांनी एकमेकींना जोडता येतात आणि बाहेरची हवा न लागू देता एका पिशवीतला भाग दुसरीत ढकलता येतो. रक्ताचे घटक वेगळे करणे यामुळेच व्यवहारात आले.

आता उरला प्रश्न तपमानाचा. त्याचे उत्तर फिलाडेल्फियात मिळाले. स्कॉट मर्फी आणि फ्रँक गार्डनर या दोघांनी निरोगी स्वयंसेवकांचे रक्त घेतले, त्यातल्या प्लेटलेट वेगळ्या केल्या, काही 4 अंशांवर ठेवल्या आणि काही 22 अंशांवर. मग त्यांना क्रोमियमच्या किरणोत्सारी समस्थानिकाची खूण लावून ज्याच्या त्याच्या अंगात परत सोडल्या आणि त्या रक्तात किती दिवस फिरतात ते मोजत राहिले. निकाल कुणाच्याही अंदाजाच्या उलट आला. थंड ठेवलेल्या प्लेटलेट एक-दोन दिवसांत रक्तातून नाहीशा होत होत्या. 22 अंशांवर चार दिवस ठेवलेल्या प्लेटलेट मात्र ताज्या प्लेटलेटच्या जवळपास जातील इतक्या टिकत होत्या. मे 1969 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये हा निबंध छापून आला. त्याच्या शीर्षकातच शीतसाठवणीचा घातक परिणाम असे स्पष्ट म्हटले होते.

असे का होते, याचे अर्धे उत्तर तेव्हाच दिसत होते. प्लेटलेटच्या कडेने आतून अतिसूक्ष्म नळ्यांचे एक कडे असते. त्या कड्यामुळे ती चपटी चकती राहते. गारठा लागला की ते कडे विरघळते, चकतीचा गोळा होतो, त्याला काटे फुटतात आणि तो पुन्हा चकती होत नाही. उरलेले अर्धे उत्तर यायला 2003 उजाडले. बोस्टनमध्ये कारिन हॉफमायस्टर आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवले की थंडीने प्लेटलेटच्या पृष्ठभागावरचे काही रेणू एका ठिकाणी गोळा होतात आणि यकृतातल्या भक्षक पेशी नेमक्या त्याच खुणेवरून तिला पकडून गिळतात. म्हणजे फ्रिजमधली प्लेटलेट मेलेली नसते. शरीर तिला ठेवून घेत नाही.

1969 नंतर सगळे सुरळीत झाले असे नाही. सत्तरच्या दशकात दोन पक्ष पडले. थंड प्लेटलेट लवकर जातात हे खरे, पण जेवढा वेळ असतात तेवढ्यात त्या अधिक जोमाने काम करतात, वाहते रक्त लवकर थांबवतात, असे काहींचे म्हणणे होते आणि त्याला प्रयोगांचा आधारही होता. पण कर्करोगाच्या रुग्णाला दिलेली प्लेटलेट दिवसेंदिवस टिकायला हवी होती. रक्तपेढीचे मुख्य गिऱ्हाईक तोच होता. म्हणून 22 अंशांची बाजू जिंकली.

आणि जिंकल्यावर तिच्या अडचणी समोर आल्या. 4 अंशांवर पेशी जवळपास निजलेली असते. 22 अंशांवर ती जागी असते, ग्लुकोज खाते, श्वास घेते. पिशवी जाड असेल, आत प्राणवायू शिरत नसेल, तर ती प्राणवायूविना ग्लुकोज जाळते आणि लॅक्टिक आम्ल साठत जाते. द्रवाचा सामू 6.2 च्या खाली घसरला की प्लेटलेट फुगतात आणि त्यांचा उपयोग संपतो. मर्फी आणि इतरांनी पुढची दहा-बारा वर्षे यावरच घालवली. पिशवीचे प्लास्टिक पातळ केले, वायू आरपार जाऊ देणारे वेगळे प्लास्टिक शोधले, पिशवीत प्लाझ्मा किती असावा ते ठरवले. शिवाय पिशवी नुसती पडून राहिली तर पेशी तळाशी बसतात आणि मधल्या पेशींना हवा मिळत नाही, म्हणून तिला सतत हलते ठेवायचे ठरले. घटक वेगळे करणाऱ्या कुठल्याही रक्तपेढीत आज काचेच्या दाराचे एक कपाट दिसेल. त्यातले खण दिवसरात्र, सणावारी, सुट्टीच्या दिवशीही एका लयीत डावी-उजवीकडे सरकत असतात आणि त्यांवर पिशव्या आडव्या पसरलेल्या असतात. बाहेर तपमानाचा आकडा लिहिलेला असतो, 22, दोन अंश इकडे किंवा तिकडे.

त्या खोलीतली आणखी एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. तंत्रज्ञ पिशवी हातात घेतो, ट्यूबलाइटसमोर धरतो आणि अलगद दाबून हलवतो. आतल्या पेशी धडधाकट असतील तर पिवळसर द्रवात रेशमी लाटा उठतात, चमक वळणे घेत फिरते. चपट्या चकत्या प्रवाहात एका दिशेला वळतात आणि प्रकाश परतवतात, म्हणून असे दिसते. गारठ्याने किंवा आम्लाने चकत्यांचे गोळे झाले असतील तर द्रव मातकट, निर्जीव दिसतो. कितीही हलवा, लाटा उठत नाहीत. यंत्र नको, रसायन नको. 1969 च्या निबंधातला निकाल असा डोळ्यांनी दिसतो.

नव्या पिशव्यांमुळे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत प्लेटलेटची मुदत तीनावरून पाच दिवसांवर आणि 1984 मध्ये सात दिवसांवर गेली. पण 22 अंशांवर प्लेटलेट जगते तसा जंतूही जगतो आणि वाढतो. दात्याच्या कातडीवरून सुईबरोबर आत गेलेला एखादा जिवाणू चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत लाखोंनी होतो. सातव्या दिवसाच्या पिशव्यांतून रुग्णांना जंतुसंसर्ग झाल्याचे दिसू लागले आणि 1986 मध्ये मुदत पुन्हा पाच दिवसांवर आणली गेली. भारतातही नियम पाच दिवसांचाच आहे. रक्तदानाआधी कोपराच्या खोबणीत जे घासून घासून पुसले जाते, त्यात घाई करू नये ती यासाठी. कातडी नीट साफ होणे हा प्लेटलेटच्या साठवणीचाच भाग आहे.

आपल्याकडे हे सारे उशिरा आले. मुंबईत लीला मुळगांवकर यांनी 1954 पासून ऐच्छिक रक्तदानाची चळवळ उभी केली, तरी पुढची कित्येक वर्षे देशातले बरेचसे रक्त पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांकडून येत होते आणि काचेच्या बाटलीतच साठत होते. काचेच्या बाटलीतून प्लेटलेट वेगळ्या करणे जवळपास अशक्य. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात मार्च 1983 मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. अशा रुग्णाचा स्वतःचा मगज औषधांनी पुसून टाकलेला असतो आणि नवा रुजेपर्यंतचे आठवडे तो बाहेरून दिलेल्या प्लेटलेटवर तरतो. म्हणजे या उपचाराचा अर्धा भार रक्तपेढीवर असतो. मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांनी हा भार पेलला. जिल्ह्यांना थांबावे लागले.

1996 हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे ठरले. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने कॉमन कॉज संस्थेच्या याचिकेवर निकाल देताना व्यावसायिक रक्तदाते दोन वर्षांत बंद करा आणि रक्तपेढ्यांना शिस्त लावा, असे सांगितले. त्याच वर्षी पावसाळा सरताना दिल्लीत डेंग्यूची मोठी साथ आली. दहा हजारांहून अधिक रुग्ण आणि चारशेवर मृत्यू नोंदले गेले. प्लेटलेट हा शब्द वर्तमानपत्रांतून घराघरांत पोहोचला आणि पिशव्या कमी पडल्या. त्यानंतरच्या दशकात रक्तघटक वेगळे करणाऱ्या रक्तपेढ्या जिल्ह्याच्या गावी वाढत गेल्या. सांगली जिल्ह्यात त्या मिरज आणि सांगली इथेच एकवटाव्यात, हे साहजिक होते. 1894 मध्ये विल्यम वान्लेस यांनी मिरजेत रुग्णालय काढल्यापासून हे गाव दवाखान्यांचे गाव आहे, आणि 1962 पासून तिथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे.

फिलाडेल्फियात 22 अंश राखायला फारसे काही करावे लागत नव्हते. तिथल्या इमारती आतून बारा महिने त्याच तपमानावर असतात. पेशी कपाटातून काढून टेबलावर ठेवल्या की झाले, इतकी ती स्वस्त युक्ती होती. कवठे महांकाळ दुष्काळी पट्ट्यात. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला भिडतो आणि डिसेंबरात पहाटे हुडहुडी भरते. इथल्या खोलीत 22 अंश आपोआप कधीच राहत नाहीत. ते यंत्राने, विजेने, जनित्राने राखावे लागतात. दोन हजारच्या दशकात ग्रामीण महाराष्ट्राने दहा-बारा तासांचे भारनियमन सोसले आहे. त्या काळात एखाद्या तालुक्याच्या गावी प्लेटलेटचे हलते कपाट अखंड चालवणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांना रक्त साठवणूक केंद्रे सुरू करता यावीत म्हणून नियम सैल केले गेले, तो निर्णय फार चांगला होता. बाळंतिणींचे जीव त्याने वाचतात. पण त्या केंद्रात शीतकपाट असते. प्लेटलेटला ते चालत नाही. शिवाय पाच दिवसांची मुदत, त्यातला एक दिवस तपासण्यांत जातो. तालुक्यात रोज मागणी नसेल तर पिशव्या फेकाव्या लागतील. म्हणून प्लेटलेट जिल्ह्यात राहतात आणि रुग्णाच्या माणसाला गाडी काढावी लागते. मला यात कुणाचा निष्काळजीपणा दिसत नाही. एका पेशीच्या स्वभावाने आखलेली ही भौगोलिक हद्द आहे.

वाट 35-40 किलोमीटरची असली तरी ती नीट पार पडायला हवी. हलवल्याविना प्लेटलेट काही तास सहज राहतात, चोवीस तासांपर्यंतही तग धरतात. त्यामुळे प्रवासाची भीती नको. भीती तपमानाची. मेच्या दुपारी मोटारसायकलच्या डिकीत टाकलेली पिशवी आणि बर्फाच्या लादीवर ठेवलेली पिशवी, दोन्ही सारख्याच बाद. रिकामा, बर्फ नसलेला थर्मोकोलचा डबा, सावली आणि सरळ रुग्णालय, एवढे पुरते. वॉर्डात पोहोचल्यावरही कुणी चांगल्या हेतूने पिशवी औषधांच्या फ्रिजमध्ये ठेवू शकतो. नातेवाइकाने तेवढ्यापुरते तरी तिथे उभे राहावे आणि बजावलेले वाक्य पुढे पोहोचवावे.

दुष्काळी तालुक्यात डेंग्यू कसा, असा प्रश्न पडतो. उत्तर पुन्हा साठवणीतच आहे. नळाला चार-आठ दिवसांनी पाणी आले, टँकरची वाट पाहावी लागली की घरोघर पिंपे, हौद, टाक्या, रांजण भरून ठेवले जातात आणि डेंग्यूचा एडिस डास नेमका अशाच स्वच्छ, साठलेल्या, उघड्या पाण्यात अंडी घालतो. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे पाणी आले, शिवार हिरवे झाले, तरी घरात पाणी भरून ठेवायची सवय एका पिढीत जात नाही आणि जाऊ नये अशीच ती आहे. फक्त पिंपावर झाकण हवे आणि आठवड्याला एकदा ते कोरडे करून घासायला हवे.

डेंग्यूत पेशींचा आकडा घसरला की घर हवालदिल होते. रिपोर्टवर पन्नास हजार दिसले की धावाधाव, तीस हजार दिसले की रडारड. पपईच्या पानांचा रस, किवी, ड्रॅगनफ्रूट, सगळे सुरू होते आणि डॉक्टरांवर पिशवी लावण्याचा दबाव येतो. इथे एक अभ्यास सांगितलाच पाहिजे. सिंगापूर आणि मलेशियात 372 प्रौढ डेंग्यू रुग्णांवर केलेली चाचणी 2017 मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाली. या रुग्णांच्या प्लेटलेट वीस हजार किंवा त्याहून कमी होत्या, पण रक्तस्राव नव्हता. निम्म्यांना प्रतिबंध म्हणून प्लेटलेट दिल्या, निम्म्यांना दिल्या नाहीत. रक्तस्राव टाळण्यात दोन्ही गटांत फरक पडला नाही. उलट दिलेल्या गटात अंगावर पित्तासारखे उठणे आणि इतर त्रास जास्त झाले. आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही रक्तस्राव नसेल तर आकडा दहा हजारांखाली गेल्यावरच विचार करायला सांगतात. डेंग्यूत जीव जातो तो बहुधा रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपून रक्तदाब कोसळल्याने. तिथे वेळेवर आणि मोजून दिलेले सलाइन तारते. पाच दिवसांचे आयुष्य असलेली पिशवी अशी भीतीपोटी संपली तर कर्करोगाच्या वॉर्डातल्या मुलासाठी त्या दिवशी ती नसते.

दरम्यान जुना वाद पुन्हा उकरला गेला आहे. इराक आणि अफगाणिस्तानातल्या युद्धांत अमेरिकी लष्कराच्या डॉक्टरांना जखमींचे वाहते रक्त थांबवायचे होते. तिथे प्लेटलेट आठ दिवस टिकण्याची गरज नव्हती, अर्धा तास जोमाने लढण्याची होती. सत्तरच्या दशकातले हरलेले प्रयोग पुन्हा वाचले गेले. 2015 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वाहत्या रक्तस्रावासाठी थंड प्लेटलेट तीन दिवसांपर्यंत वापरायला मुभा दिली आणि 2023 मध्ये ती मर्यादा चौदा दिवसांवर नेली, नेहमीच्या प्लेटलेट मिळत नसतील अशा वेळेसाठी. थंडीत जंतू फारसे वाढत नाहीत, हलते कपाट लागत नाही. कवठे महांकाळच्या दृष्टीने ही बातमी लहान नाही. रत्नागिरी-नागपूर महामार्ग या तालुक्यातून जातो. ज्या रुग्णालयात फक्त शीतकपाट आहे तिथेही अपघातातल्या जखमीसाठी प्लेटलेट ठेवता आल्या, तर मिरजेपर्यंतचा तो एक तास वाचेल. भारतात असे करायचे तर आपल्या नियमांत बदल आणि आपल्या रुग्णांवर अभ्यास, दोन्ही लागतील. मर्फी आणि गार्डनर चुकले होते असा याचा अर्थ नाही. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आजही तेच आहे. कर्करोगाच्या आणि डेंग्यूच्या रुग्णासाठी 22 अंशच खरे.

शेवटी थोडे रक्तदान शिबिरांबद्दल, कारण या साखळीची पहिली कडी तालुक्याच्याच हातात आहे. जयंती, पुण्यतिथी, गणेशोत्सव, नेत्यांचे वाढदिवस, शिबिरे भरपूर होतात आणि तरुण उत्साहाने येतात. पण घेतलेल्या प्रत्येक पिशवीतून प्लेटलेट निघत नाहीत. रक्त घेतल्यापासून साधारण सहा तासांत ते घटक वेगळे करण्याच्या यंत्रापर्यंत पोहोचावे लागते आणि तोवर ते थंड करायचे नसते. सकाळी नऊला घेतलेली पिशवी शिबिर संपेपर्यंत बर्फात पडून राहिली आणि संध्याकाळी सातला रक्तपेढीत गेली, तर तिच्यातल्या तांबड्या पेशी वापरता येतील, प्लेटलेट गेल्या. मिरज तासाभराच्या अंतरावर असताना हे होऊ देण्याचे कारण नाही. एक गाडी अकराला, एक दोनला, एक शेवटी, एवढी सोय केली तर त्याच दात्यांच्या त्याच रक्तातून प्लेटलेटही मिळतील.

म्हणून शिबिर ठरवणाऱ्या मंडळांना विनंती आहे. तारीख नक्की करण्याआधी रक्तपेढीला तीन गोष्टी विचारा: तुमच्याकडे घटक वेगळे करण्याचा परवाना आहे का, पिशव्या दिवसातून किती वेळा नेणार आणि त्या आठवड्यात तुम्हाला प्लेटलेटची गरज आहे का. एकाच दिवशी तालुक्यात चार शिबिरे आणि पुढे दोन महिने काही नाही, असे झाले की पाच दिवसांनी त्या प्लेटलेट टाकून द्याव्या लागतात. शिबिरे वेगवेगळ्या महिन्यांत वाटून घ्या. रक्त द्यायला येणाऱ्याने आधीचे तीन दिवस ॲस्पिरिन घेतलेली नसावी, घेतली असेल तर तसे सांगावे, कारण त्या गोळीने प्लेटलेटची चिकटण्याची ताकद जाते. आणि ज्यांची तब्येत चांगली आहे, वजन पन्नास किलोच्या वर आहे, त्यांनी मिरज-सांगलीच्या रक्तपेढीत एसडीपी दाता म्हणून नाव नोंदवून ठेवावे. दीड-दोन तास बसावे लागते, तांबड्या पेशी तुमच्या तुम्हाला परत मिळतात, आणि नियमाप्रमाणे 48 तासांनंतर पुन्हा देता येते.